फवारणीची एसओपी : पंप पाठीवर घेण्याआधी वाचा



मागच्या बैठकीत एक काका म्हणाले, "एसओपी म्हणजे मोठ्या कारखान्यांचं काम, आपल्याला काय करायचंय?" म्हणून आज त्यावरच.

एसओपी म्हणजे कामाची लिहून ठेवलेली ठरलेली पद्धत. आधी काय, मग काय, कोणी करायचं. भुसावळहून सुटणाऱ्या गाडीचा चालक तेच सिग्नल रोज बघतो, तरी प्रत्येक सिग्नल मोठ्याने बोलतो आणि शेजारचा सहायक तो परत बोलतो. ऑपरेशनच्या आधी पेशंटचं नाव अन् ऑपरेशनची बाजू तपासून घेण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये यादीच काढली. ही शिकलेली माणसं आहेत, पण रोजच्या कामात हात आपोआप चालतो आणि एखादी पायरी सुटते. आपल्या फवारणीत तेच होतं.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वर्षी कपाशी खूप उंच वाढली होती. म्हणून कांद्याची पद्धत कपाशीत जशीच्या तशी चालत नाही. कांद्यात नोझल गुडघ्याखाली असतं, डोक्याएवढ्या कपाशीत नाकासमोर. तिथे मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट नसेल तर फवारणी करू नका. सालदाराला पाठवत असाल तर हे सामान तुम्ही द्यायचं.

पहिली पायरी औषध आणण्याची नाही. शेतात फिरून 20 हिरवी बोंडं फोडा. दोन बोंडांत गुलाबी अळी दिसली तरच फवारणीचा विचार करा.

दुसरी पायरी पंपाची. गेल्या हंगामात इथे माझीच चूक झाली. एका सभासदाला फोनवर औषध सांगितलं, पंप कोणता ते विचारलं नाही. त्यांनी हातपंपाचं माप पेट्रोल पंपात टाकलं. त्या पंपाला पाणी कमी लागतं, त्यामुळे एकराला औषध कमी पडलं, अळी तशीच राहिली आणि परत फवारावं लागलं. आता मी आधी पंप विचारतो, मग औषध सांगतो. माप एकरावर धरा, झाकणावर नाही.

वारा पाठीवर घेऊन चाला. औषध काडीने ढवळा, हाताने नको. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. मध्ये तंबाखू, बिडी नको. (हे सांगून मी थकलो, पण सांगणार.) रिकामी बाटली तीन वेळा धुऊन ते पाणी पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा, घरात वापरू नका.

चक्कर, मळमळ, अंधारी, जास्त घाम यातलं काहीही झालं तर काम थांबवा, कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि लगेच 108 ला फोन करा. औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्या. कोणतं विष आहे ते कळल्याशिवाय डॉक्टरांना नेमका उतारा देता येत नाही.

या आठवड्यात फवारणी असेल तर लेबलचा फोटो आणि पंपाचा प्रकार याच नंबरवर पाठवा. संध्याकाळी सातपर्यंत माप कळवतो.

– आपला कृषी सल्लागार, शेतकरी उत्पादक कंपनी, एरंडोल