ताटातला उजेड

माझा कॅमेरा म्हणजे साधा मोबाईल आणि मॉडेल म्हणजे मेसचं ताट. सुरुवातीचे शंभरेक फोटो मी इतरांचे बघूनच काढले. खाली पांढरा कागद, फोटो बरोब्बर वरून, कडेला कोथिंबिरीची काडी. घरी पाठवले तर आई म्हणाली, "छान आहेत, पण यातलं तू जेवतोस कुठलं?" हे मात्र लागलं.

त्याच सुमारास एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराचा 'पेपर नं. ३०' पाहिला (परीक्षेचा नव्हे, मिरचीचा!). १९३० साली पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून काढलेली एक ढोबळी मिरची. त्या ऑगस्टमध्ये चार-पाच दिवसांत त्याने मिरच्यांच्या किमान तीस निगेटिव्ह काढल्या होत्या.

मग मीही महिनाभर फक्त आमटीची वाटी धरली. स्टीलमध्ये ट्यूबलाईट आणि आपलंच तोंड दिसतं, म्हणून ट्यूब बंद. खिडकी वाटीच्या मागे, जरा तिरकी. पाठीला काळी चादर. उजेड मागून आणि पाठीला अंधार असला की वाफ उठून दिसते. फ्लॅश मारलात की संपलं! मेसवाले काका ओरडायचे, "निवतेय ती, खा आधी!" खरंच दोन मिनिटांत वाफ जायची. मग उद्या पुन्हा.

वाटीला एक पोचा होता. मी तो फिरवून लपवायचो. एकदा घाईत समोर राहिला आणि त्या खळग्यात उजेड असा काही बसला, की पुढे मुद्दामच समोर ठेवू लागलो. आता नाव न टाकता मुलं माझा फोटो ओळखतात.

आईनेही पाहिला. म्हणाली, "आमटी फारच पातळ आहे रे तुमची."