‘घरी सांगू नकोस’ म्हणणारे सर

आमच्या सातारा भागात पळणाऱ्या पोरांचं फार कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तेव्हापासून शाळेत एखादी मुलगी पुढे पळाली की लोक तिचंच नाव घेतात. या कौतुकावर आता पळण्याच्या शिकवण्याही चालतात. अशाच एका सरांकडे माझी दोन्ही मुलं जात होती. मी स्वतः हाफ मॅरेथॉन पळतो, लेक शालेय स्पर्धांत १५०० आणि ३००० मीटर पळायची, धाकटा तिच्या मागून. पहाटे तिघांनी मिळून घर सोडायचं, मी घाटाकडे वळायचं, ती दोघं मैदानावर. आमच्या घरातली ही सगळ्यात चांगली वेळ होती. ती एका माणसाने नासवली, म्हणून हे लिहितोय.

त्या रविवारी घाटातली शर्यत होती. माझी नोंदणी २१ किलोमीटरची, मुलांची पाच किलोमीटरची. पाचवाल्यांना सर घेऊन जाणार होते. मी वरून वळसा घेऊन उतरायला लागलो. त्या रस्त्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. चढणाऱ्यांच्या गर्दीत एक बारकी पोर दिसली. उजवा पाय नुसता टेकवत होती, टाच जमिनीला लागूच देत नव्हती. ही आपली लेक आहे हे कळायला मला एक क्षण लागला, कारण ती तिथे असण्याचा प्रश्नच नव्हता. छातीवर हाफ मॅरेथॉनचं बिब, म्हणजे नंबराचा कागद, आणि त्यावर नाव दुसऱ्याच बाईचं.

मी आडवा गेलो. ‘बाबा, सर म्हणालेत थांबायचं नाही,’ हे तिचं पहिलं वाक्य. दुसरं, ‘तुम्हाला सांगायचं नव्हतं.’

बिब उलटून पाहिलं. मागे त्या बाईंचा रक्तगट आणि त्यांच्या घरचा फोन नंबर. लेक घाटात कोसळली असती तर वैद्यकीय पथकाने परक्याच घरी फोन लावला असता, आणि त्या घरातली बाई तर घरीच होती. नववीतल्या मुलीला असं पाठवणाऱ्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही.

तिला रुग्णवाहिकेतून खाली आणलं. सर फिनिशजवळच उभे होते. पायाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘शेवटपर्यंत गेली असती तर पोडियम होता. तुम्ही मध्येच उतरवलंत.’ वयाचं विचारलं तर म्हणाले, ‘अहो, वय कागदावर असतं. बुधियाचं वय काय होतं?’ २००६ साली चार वर्षांचा बुधिया सिंग पुरीहून भुवनेश्वरपर्यंत ६५ किलोमीटर पळाला, हे सर प्रत्येक पालकसभेत सांगत. पुढे ओडिशा सरकारने त्याच्या अशा पळण्यावर बंदी घातली, हे मात्र त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

नडगी दुखतेय हे लेक सरांना कितीतरी आधीपासून सांगत होती, ते घरी आल्यावर कळलं. ‘बर्फ लाव, घरी सांगू नकोस, बाबा पळणं बंद करतील,’ हा त्यांचा इलाज. एक्स-रे स्वच्छ आला. ते सरांच्या कानावर गेलं आणि त्यांनी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं की भित्रे पालकच मुलांना मागे ओढतात. मग एमआरआय केला, त्यात नडगीच्या हाडाला बारीक चीर दिसली. तो अहवाल मी त्याच ग्रुपवर टाकला, तर मलाच ग्रुपमधून काढलं. उरलेल्या महिन्यांची फी परत मिळाली नाही. फीचं जाऊ द्या, लेकीची जिल्हा स्पर्धा गेली, ती कोण परत देणार?

मुलगा किंवा मुलगी नडगी दुखतेय म्हणाली तर एका बोटाने हाड दाबत वरून खाली या. दुखणं वीतभर पसरलेलं असेल तर ते बहुधा विश्रांतीने उतरतं. पण बोटाखाली मावेल एवढ्याच जागी कळ येत असेल, त्या पायावर लंगडी घालता येत नसेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. एक्स-रेवर विसंबू नका. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही. एमआरआय करायचा का, हे डॉक्टरांना आपणहून विचारा.

मुलींच्या बाबतीत पाळीकडे लक्ष हवंच. नियमित झालेली पाळी मध्येच थांबली तर खाणं पळण्याला पुरत नाही, अशी शंका घ्यायला हवी, आणि खाणं कमी पडलं की हाडंही कच्ची पडतात. हे डॉक्टरीण बाईंनी माझ्या बायकोला समजावलं. आमचे सर दर शनिवारी सगळ्यांसमोर वजनकाटा ठेवत आणि जिचं वजन उतरलं तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावत. वाढत्या वयाची मुलगी वजनाने उतरतेय, यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे? हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घ्या, शरीरातला लोहाचा साठा त्यातून कळतो.

धाकट्याची टाच दुखायची, त्यालाही सरांनी ‘नाटकं’ ठरवलं होतं. उंची भराभर वाढते त्या काळात टाचेचं हाड अजून कोवळं असतं आणि मागची शीर ते खेचत राहते. डॉक्टर त्याला सिव्हर्स म्हणतात. सराव कमी केला की ते बरं होतं. बाकी भरपूर जेवण, पुरेशी झोप, चांगले बूट, हे सगळ्यांना माहीत आहेच.

शर्यतीच्या नोंदणीचा फॉर्म स्वतः भरा, मोबाइल नंबर स्वतःचा द्या, बिब स्वतः जाऊन आणा आणि सुरुवातीच्या रेषेवर ते मुलाच्या छातीवर आपल्या हाताने लावा. तुम्ही स्वतः पळत असाल तर त्या दिवशी तुमची शर्यत दुय्यम. बऱ्याच मोठ्या स्पर्धांत हाफ मॅरेथॉनसाठी किमान वय १८ असतं. शालेय स्पर्धांत १७ वर्षांखालील मुलींना ट्रॅकवर पळण्याची सर्वात लांब शर्यत ३००० मीटरची असते. ‘आत्ताच लांब पळवलं नाही तर पोर हातची जाते’ असं कुणी म्हणालं तर त्याला अविनाश साबळेचं सांगा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, मोठ्या स्पर्धांतलं पळणं तिथेच सुरू झालं आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचं रौप्य आणलं. आणि ललिता बाबर तर शाळेत खो-खो खेळायची.

ज्यांना ऐनवेळी शर्यतीला जाता येत नाही त्यांनी बिब दुसऱ्याच्या हाती देऊ नये, वाया गेलं तरी चालेल. आमच्याकडे ज्या बाईंचं बिब वापरलं गेलं, त्यांनी ते ‘सरांनी मागितलं म्हणून’ दिलं होतं.

आणि पालकांनो, आज जेवताना मुलांना एवढं विचारा, ‘सर कधी म्हणाले का, हे घरी सांगू नकोस?’ उत्तर हो आलं, तर उद्यापासून त्या मैदानावर मूल पाठवू नका. सर कितीही मोठे असोत, त्यांनी कितीही पदकं आणलेली असोत.