डोंगरावर उतरणे सोपे नव्हे

आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा एका शेतकरी दादांनी विचारले, “गुरुजी, विमानाला लांब सडक लागती. हेलिकॉप्टर तर अंगणातबी उतरतंय. मग त्याला भीती कशाची?”

प्रश्न चांगला आहे. आज त्याचेच उत्तर पाहू.

आधी आपल्याकडचीच गोष्ट घ्या. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यात निलंगा येथून तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर निघाले. वर चढते न चढते तोच ते खाली येऊ लागले. वाऱ्यात फरक पडल्याने वैमानिकाने परत उतरण्याचा प्रयत्न केला, असे त्या वेळी सांगण्यात आले. उतरताना ते तारांत अडकले आणि कोसळले. आतली सर्व माणसे बचावली. पण केवढा प्रसंग तो! तिथे डोंगर नव्हता, सपाट गाव होते. मग डोंगरावर काय होत असेल?

हेलिकॉप्टर कशावर टेकते? हवेवर. त्याच्या डोक्यावरची पाती गरगर फिरतात व हवा खाली ढकलतात. त्या जोरावर ते वर उचलले जाते. हवा दाट असेल तर आधार चांगला मिळतो. हवा पातळ असेल तर आधार कमी.

हवा पातळ कधी होते? दोन वेळा. एक, ऊन तापले म्हणजे. दोन, उंच गेले म्हणजे. सुमारे १८,००० फूट उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्माच राहतो. म्हणून जे ओझे खाली सहज उचलते, ते डोंगरावर उचलत नाही. चढावर आपण गाडीतली दोन पोती उतरवतो ना? तसेच हे. १४ मे २००५ रोजी दिदिए देलसाल या फ्रेंच वैमानिकाने एव्हरेस्टच्या माथ्यावर हेलिकॉप्टर टेकवले. त्यासाठी त्यांनी आधी बसण्याच्या जागासुद्धा काढून वजन कमी केले होते.

दुसरी अडचण वाऱ्याची. वारा डोंगरावर आदळतो त्या बाजूला तो वर चढतो. पलीकडच्या बाजूला तो खाली कोसळतो. त्या बाजूला सापडलेले हेलिकॉप्टर वाऱ्याबरोबर खाली दाबले जाते.

म्हणून हे उतरणे मुद्दाम शिकावे लागते. आपल्या नाशिकला लष्कराच्या वैमानिकांना हेलिकॉप्टर चालवायला शिकवणारी शाळा आहे. शिकताना शेजारी गुरू बसतो. त्याच्याही हाताशी तीच कळ असते. डोंगरावर उतरायचे तर आधी वरून घिरटी घालायची. धूर, गवत, झाडे पाहून वारा ओळखायचा. वजन किती, जोर किती, याचा हिशेब करायचा. निसटून जायची वाट आधीच ठरवायची. जरा शंका आली की उतरायचे नाही, परत फिरायचे. परत फिरणे ही हार नव्हे. तोच मोठा धडा आहे. आम्ही वर्गात मुलांना हेच सांगत आलो : चुकीचे पाऊल पुढे टाकण्यापेक्षा मागे घेतलेले बरे.

तरीही अपघात होतात. १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातील वर्डी गावाजवळ, सातपुड्यात शिकाऊ वैमानिकांचे एक छोटे विमान कोसळले. शिकवणारे गुरू दगावले. शिकणारी मुलगी जखमी झाली. तिथे रस्ता नव्हता. गावच्या आदिवासी बंधूभगिनींनी लाकडे व कापड जोडून झोळी केली आणि तिला उचलून खाली आणले. ते काही विमानविद्या शिकलेले नव्हते. पण माणुसकी शिकलेले होते.

आता आपण काय करावे, ते ध्यानी ठेवा.

हेलिकॉप्टर उतरणार असेल तर जवळपासच्या तारा अधिकाऱ्यांना आधीच दाखवा. वरून तारा दिसत नाहीत. पोती, कपडे, पत्रे आवरून ठेवा. पोरासोरांना लांब धरा. शेपटीकडून कधीही जाऊ नका. तिथला छोटा पंखा फिरताना दिसत नाही, पण जीव घेतो. उतार असेल तर चढाच्या बाजूने जवळ येऊ नका. तिथे वरची पाती डोक्याला लागतात. वैमानिकाने खूण केली तरच समोरून जा.

अपघात झाला तर ११२ वर फोन करा. जखमींसाठी १०८ वर करा. विडी पेटवू नका, तेल सांडलेले असते. तुटलेल्या तारेला हात लावू नका. जखमींना धीर द्या. मोडलेला एकही तुकडा घरी नेऊ नका. अपघात का झाला, हे त्या तुकड्यांवरूनच कळते. ते कळले तर पुढचा जीव वाचतो.

प्रश्न
१. हवा पातळ केव्हा होते?
२. डोंगरावर उतरताना वजन कमी का करतात?
३. आपल्या गावात हेलिकॉप्टर उतरेल असे मोकळे रान कोणते? त्याच्याजवळून तारा जातात का? जाऊन पाहा आणि वर्गात सांगा.