यासोनाचे दार : संत पौलाच्या थेस्सलनीका नगरीची ओळख



'संत पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रातून घेतलेले वाचन' हे शब्द आपण मिस्सामध्ये कितीदा तरी ऐकतो. नाव उच्चारायला अवघड, त्यामुळे वाचन करणाऱ्याची जीभ क्षणभर अडखळते आणि आपण पुढे ऐकू लागतो. हे गाव नेमके कुठे, तिथले लोक कसे, त्यांचे खाणेपिणे काय, पुढे त्या गावाचे काय झाले, हे विचारायचे मात्र राहून जाते. पत्र कोणाला आले हे ठाऊक नसेल तर ते अर्धेच कळते. म्हणून आज आपण त्या गावाची ओळख करून घेऊ.

समुद्रकाठचे नगर

थेस्सलनीका आजही नांदते आहे. आज त्याला थेसालोनिकी म्हणतात. अथेन्सच्या खालोखाल ग्रीस देशातले ते सर्वांत मोठे शहर. थर्माइक आखाताच्या काठावर ते वसले आहे आणि हवा स्वच्छ असली की पाण्यापलीकडे ऑलिंपस पर्वत दिसतो. इ. स. पूर्व ३१५ च्या सुमारास कसांदर राजाने ते वसवले आणि आपल्या पत्नीचे नाव त्याला दिले. ही राणी थेस्सलोनिकी म्हणजे सम्राट अलेक्झांडर याची सावत्र बहीण.

पुढे रोमन आले. मासेदोनिया प्रांताचा कारभार याच शहरातून चालू लागला. एड्रियाटिक समुद्रापासून पूर्वेकडे जाणारा 'व्हिया एग्नातिया' हा राजमार्ग या शहराला लागून गेला. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला राजमार्ग. त्यामुळे माल आला, माणसे आली, भाषा आल्या, नाना देवदेवताही आल्या. येणाऱ्यांना कधी दार उघडे मिळाले, कधी ते तोंडावर मिटले. या शहराची कथा आम्ही त्या दाराच्या अंगानेच सांगणार आहोत.

यासोनाने दार उघडले

इ. स. ५० च्या सुमारास संत पौल, सीला आणि तीमथ्य या शहरात आले. फिलिप्पै गावात फटके आणि तुरुंगवास सोसून ते आले होते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ मध्ये ही हकिगत आहे. पौलाने तीन शब्बाथ सभास्थानात जाऊन येशू हाच ख्रिस्त असल्याचे पटवून दिले. काही यहुदी, पुष्कळ ग्रीक आणि शहरातल्या अनेक प्रतिष्ठित स्त्रिया विश्वासात आल्या. विरोधकांनी मात्र बाजारातले टवाळखोर गोळा करून यासोन नावाच्या गृहस्थाच्या घरावर हल्ला केला. पौल त्याच्याकडे उतरला होता. पौल सापडेना, तेव्हा जमावाने यासोनालाच ओढत अधिकाऱ्यांपुढे नेले. जामीन घेऊन त्याला सोडण्यात आले. त्याच रात्री बांधवांनी पौल व सीला यांना बिरुया गावी पाठवून दिले.

यासोनाने प्रवचन केल्याचे कुठे लिहिलेले नाही. त्याने पाहुण्याला घरात घेतले आणि त्याबद्दल स्वतः जामीन भरला.

येथे आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. संत लूकने शहराच्या अधिकाऱ्यांना 'पोलितार्ख' म्हटले आहे. हा शब्द इतर ग्रीक ग्रंथांत सापडत नव्हता, म्हणून काही विद्वानांना लूकची चूक झाली असे वाटे. पण थेसालोनिकीच्या एका जुन्या वेशीच्या कमानीवर कोरलेल्या शिलालेखात हाच शब्द होता. एकोणिसाव्या शतकात ती वेस पाडली गेली आणि तो शिलालेख आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

पहिले पत्र

पौल करिंथ येथे पोचला, पण जीव मागे अडकला होता. नवी मंडळी, त्यात छळ, टिकतील ना? तीमथ्य चांगली बातमी घेऊन आला तेव्हा पौलाने पत्र लिहिले. नव्या करारातले सर्वांत आधी लिहिले गेलेले पुस्तक हेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे चार शुभवर्तमाने लिहिली जाण्याआधी हे पत्र या बंदरात वाचले गेले. पत्राच्या शेवटी पौल बजावतो की ते सर्व बंधूंना वाचून दाखवावे. आपण मिस्सामध्ये दुसरे वाचन ऐकतो तेव्हा त्याची ती सूचना आजही पाळली जाते.

पत्रातले प्रश्न साध्या माणसांचे आहेत. कोणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस राबलो, याची पौल आठवण देतो. प्रभू परत येण्याआधी जे मेले त्यांचे काय, या त्यांच्या काळजीला तो चौथ्या अध्यायात उत्तर देतो. अंत्यविधीच्या वेळी त्यातला उतारा आपल्याकडेही वाचला जातो.

दोन भाऊ आणि मातृभाषा

चौथ्या शतकाच्या आरंभी येथे संत देमेत्रियस रक्तसाक्षी झाला. तो शहराचा आश्रयदाता. २६ ऑक्टोबरला त्याचा सण असतो आणि त्याच्या नावाचे भव्य मंदिर आजही उभे आहे. १९१७ च्या आगीत ते जळाले आणि नंतर पुन्हा बांधले गेले.

नवव्या शतकात याच शहरात संत मेथोडियस आणि संत सिरिल हे भाऊ जन्मले. ८६३ मध्ये ते मोराविया देशात स्लाव लोकांकडे गेले. स्लाव भाषेला लिपी नव्हती. सिरिलने ती तयार केली, आणि दोघा भावांनी उपासनेचे ग्रंथ लोकांच्या बोलीत आणले. देवाची स्तुती फक्त हिब्रू, ग्रीक आणि लॅटिनमध्येच व्हावी, असे म्हणणाऱ्यांनी त्यांना विरोध केला. पोप दुसरे एड्रियन यांनी मात्र स्लाव भाषेतील उपासनेला मान्यता दिली. १९८० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी या दोघांना युरोपचे सहआश्रयदाते घोषित केले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली छापलेले 'ख्रिस्तपुराण' ज्यांच्या वारशात आहे, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ज्यांना मराठीतून मिस्सा मिळाली, त्या आपणा सर्वांना या भावांची धडपड वेगळी समजावून सांगायला नको.

दार उघडले, दार मिटले

१४३० मध्ये शहर तुर्कांच्या हाती गेले. १४९२ मध्ये स्पेनच्या कॅथलिक राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर घालवले. त्यातले हजारो लोक तुर्की साम्राज्यात आले आणि त्यांतील पुष्कळ जण या बंदरात स्थिरावले. त्यांनी आपली जुनी स्पॅनिश बोली, लादिनो, चारशे वर्षांहून अधिक काळ जपली. बंदरातले हमाल, कोळी, विणकर, छापखानेवाले अशा सर्व थरांत ते होते. शनिवारी शब्बाथ म्हणून बंदराचे काम थांबत असे.

१९१२ मध्ये शहर ग्रीसकडे आले. १९२३ च्या करारानुसार येथील मुसलमानांना तुर्कस्थानात जावे लागले आणि तिकडून हाकललेले ग्रीक ख्रिस्ती येथे आले. दोन्हीकडच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे एका करारापायी सोडली.

मग दुसरे महायुद्ध आले आणि १९४१ मध्ये जर्मन फौजा शहरात शिरल्या. जुलै १९४२ मध्ये हजारो यहुदी पुरुषांना भर उन्हात चौकात उभे करून त्यांची विटंबना करण्यात आली. त्या चौकाचे नाव एलेफ्थेरियास, म्हणजे स्वातंत्र्य चौक. वर्ष सरताना त्यांचे शतकांपूर्वीचे कब्रस्तान उखडले गेले. १५ मार्च १९४३ रोजी पहिली आगगाडी आउशविट्झकडे निघाली. काही महिन्यांत ४५ हजारांहून अधिक माणसे नेली गेली आणि त्यांतली बहुतेक मारली गेली. काहींना शेजाऱ्यांनी लपवले, पण असे शेजारी थोडे होते. त्या कब्रस्तानाच्या जागेवर आज विद्यापीठ आहे. तेथे स्मारक उभारायला २०१४ साल उजाडले.

आपण ख्रिस्ती लोकांनी येथे थांबायला हवे. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात यहुद्यांविषयी कडक शब्द आहेत. ते लिहिणारा पौल स्वतः यहुदी होता, आणि एका विशिष्ट छळाच्या संदर्भात तो बोलत होता. नंतरच्या शतकांत अशी वचने संदर्भ सोडून वापरली गेली आणि त्यातून द्वेष पोसला गेला. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात स्पष्ट सांगितले की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सरसकट सर्व यहुद्यांवर लादू नये, आणि यहुदीद्वेषाचा निषेध केला. पवित्र शास्त्राचा अभ्यास न करता ते वापरले तर केवढी हानी होते, हे या शहराकडे पाहून कळते.

सर्वांचे ताट

जे गेले त्यांची आणि जे आले त्यांची आठवण शहराच्या ताटात उरली आहे. सकाळी रस्त्यावर तीळ लावलेले, बांगडीसारखे गोल 'कुलुरी' विकत मिळते. न्याहारीला 'बुगात्सा' खातात. तलम पापुद्र्यांत रव्याची गोड खीर किंवा चीज भरून ती भाजतात, आणि गोड असल्यास वर पिठीसाखर व दालचिनी भुरभुरतात. १९२३ च्या आगेमागे आलेल्या निर्वासितांनी हा पदार्थ येथे घरोघरी नेला. यहुदी घरांत शब्बाथसाठी कांद्याच्या सालींबरोबर रात्रभर मंद आचेवर अंडी शिजत. शब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून ही सोय.

आखातात दोरांवर शिंपल्या वाढवतात. कोकण-गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात त्यांच्याच जातीच्या. जवळच्या नदीमुखात भातशेती होते. दोन्ही एकत्र आले की शिंपल्यांचा भात होतो. ऑर्थोडॉक्स बांधव प्रायश्चित्तकाळात मांस, अंडी, दूध आणि मासेही वर्ज्य करतात, पण शिंपल्या चालतात. त्यामुळे उपवासाच्या दिवसांतही हा भात शिजतो.

एली मोदियानो या यहुदी वास्तुरचनाकाराने १९२० च्या दशकात बांधलेली मंडई २०२२ मध्ये पुन्हा उघडली. २०२१ मध्ये युनेस्कोने थेसालोनिकीला खाद्यसंस्कृतीचे सर्जनशील शहर म्हणून मान दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेट्रो सुरू झाली, आणि एका स्थानकात खोदताना सापडलेला प्राचीन संगमरवरी रस्ता आता प्रवाशांना पाहता येतो.

आपल्यासाठी

आपल्या धर्मग्रामातही रोज नवी माणसे येतात. कोणी बांधकामावर, कोणी भाड्याच्या खोलीत. त्यांची भाषा वेगळी, जेवण वेगळे. त्यांच्याविषयी आपण घरात कसे बोलतो, हे मुले ऐकत असतात. थेस्सलनीकाची ख्रिस्तसभा उभी राहिली तेव्हा एका घराचे दार उघडे होते, आणि त्या घरधन्याने त्याची किंमत चुकवली. पुढच्या वेळी 'थेस्सलनीकाकरांस' हा शब्द कानावर आला की यासोनाची आठवण ठेवू या.

कौटुंबिक चिंतनासाठी

१. प्रेषितांची कृत्ये १७:१-९ एकत्र वाचा. आपण यासोनाच्या जागी असतो तर काय केले असते?

२. आपल्या शेजारी नव्याने आलेले एक कुटुंब कोणते? त्यांना आपण कधी जेवायला बोलावले आहे का?

३. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र घरी मोठ्याने वाचा. पाचच अध्याय आहेत. एका संध्याकाळी पुरे होते.