हालचालीतून अभिनय : सचेतनपटातील पात्र

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• सचेतनपटातील (अ‍ॅनिमेशनपटातील) पात्राचा अभिनय कशातून घडतो, हे सांगता येईल;
• केवळ हालचालींवरून पात्राचे वय व मनःस्थिती ओळखता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नाट्यशास्त्रात भरताने सांगितलेले आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक हे अभिनयाचे चार प्रकार आपल्या परिचयाचे आहेत. रंगभूमीवरील नट हे चारही प्रकार स्वतःच्या देहाने साकारतो. सचेतनपटातील पात्राच्या वतीने मात्र सचेतनकार अभिनय करतो. अशा पात्राला चेहरा आणि वाणी दोन्ही नसतील, तर प्रेक्षक त्याच्याशी समरस होईल काय?

विषय-विवेचन

जॉन लॅसेटर दिग्दर्शित ‘लक्सो ज्युनिअर’ (१९८६) हा पिक्सारचा सुमारे दोन मिनिटांचा लघुपट या प्रश्नाचे उत्तर देतो. त्यात टेबलावर ठेवण्याचे दोन दिवे आहेत, एक मोठा व एक छोटा. छोटा दिवा चेंडूशी खेळतो, त्यावर उड्या मारतो आणि चेंडूतील हवा निघून जाते. तो मान खाली घालून निघून जातो. पण लवकरच त्याहून मोठ्या चेंडूमागे धावत येतो. दिव्यांना डोळे नाहीत, संवादही नाहीत. तरीही त्यांचे मन आपल्याला कळते. त्याची तीन कारणे लक्षात घ्या.

१. पूर्वतयारी : उडी मारण्यापूर्वी दिवा खाली वाकतो. ढकललेली वस्तू नुसती हलते. पात्र मात्र आधी ठरवते आणि मग हलते. हा ‘आधी’ दिसला की हालचालीमागे इच्छा आहे असे वाटते.

२. गती : छोट्याच्या हालचाली चपळ व उतावीळ आहेत, मोठ्याच्या संथ व मोजक्या. वयातील अंतर आकाराइतकेच या लयीतूनही जाणवते.

३. विराम : दिव्याची टोपी ज्या दिशेला वळते, तीच त्याची नजर ठरते. ती चेंडूवर स्थिरावते, तेव्हा दिवा विचार करीत आहे असे आपण मानतो.

लघुपट पाहिल्यावर संगणकतज्ज्ञ जिम ब्लिन यांनी लॅसेटर यांना प्रश्न विचारला. तो तंत्राविषयी असेल असे लॅसेटर यांना वाटले होते. परंतु मोठा दिवा आई आहे की वडील, हे ब्लिन यांना जाणून घ्यायचे होते. तंत्राच्या जाणकारालाही तंत्राआधी नाते दिसले, हे येथे महत्त्वाचे आहे.

सारांश

घाम, कंप, अश्रू हे सात्त्विक भाव दिव्याच्या ठायी संभवत नाहीत. आंगिक अभिनय नेमका असेल, तर त्या पात्राला मन प्रेक्षकच बहाल करतो. म्हणून सचेतनकाराने ‘पात्र कसे हलेल?’ याआधी ‘ते का हलेल?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘पूर्वतयारी’मुळे वस्तूचे पात्र कसे होते, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. पिठाने अर्धे भरलेले पोते हे पात्र आहे असे मानून त्याचा आनंद व संकोच केवळ हालचालींच्या वर्णनातून व्यक्त करा.