परदेशी जाणारा दाखला

शिवाजी विद्यापीठाची पदवी मिळविलेला कोल्हापूरचा तरुण नोकरीसाठी परदेशी निघतो, तेव्हा त्याच्या पदवीपत्राची नव्याने पारख होते. कुलगुरूंची स्वाक्षरी व विद्यापीठाची मोहोर येथे सर्वांच्या परिचयाची. परंतु टोकियोतील अधिकाऱ्याने ती ओळखावी कशी? पूर्वी त्यासाठी एकावर एक साक्षांकने घेऊन अखेर त्या देशाच्या वकिलातीचे दार ठोठवावे लागे.

ही साखळी तोडण्यासाठी हेग येथे ५ ऑक्टोबर १९६१ रोजी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. त्यानुसार कागदपत्राला 'अपोस्टिल' नावाचे, दहा नोंदींचे एकच चौकोनी प्रमाणपत्र जोडले जाते व करारातील अन्य देशांत सामान्यतः तेवढे पुरते.

आपल्याकडे हे काम दोन टप्प्यांत होते. शैक्षणिक कागदपत्रांची तपासणी प्रथम राज्याचा शिक्षण विभाग करतो. जन्म, विवाह इत्यादी दाखल्यांची तपासणी गृह वा सामान्य प्रशासन विभाग करतो. त्यानंतर केंद्राचे परराष्ट्र व्यवहार मंत्रालय अपोस्टिल देते. मंत्रालयाने नेमलेल्या संस्थांमार्फत कागदपत्रे सादर करावयाची असतात. सौदी अरेबियात हा करार ७ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. संयुक्त अरब अमिराती, कुवेत व कतार मात्र करारात नाहीत. तेथे जाणाऱ्यांना आजही वकिलातीचे साक्षांकन घ्यावे लागते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेणे अगत्याचे आहे. अपोस्टिल केवळ स्वाक्षरी, स्वाक्षरी करणाऱ्याचे पद आणि मोहोर यांचीच ग्वाही देते. दाखल्यातील मजकुराची नव्हे. जन्मदाखल्यात आईचे नाव चुकले असेल, तर ती चूक सर्व मोहोरांसह परदेशी पोहोचते. पारपत्रावरील नावाशी ती जुळत नाही, आणि हाती आलेली नोकरी किंवा कुटुंबाला सोबत नेण्याची परवानगी अडून बसते.

या चुकीचा उपाय दिल्लीत नाही, गावातच आहे. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ अन्वये नोंदीतील चूक दुरुस्त करता येते. बाळाचे नाव नोंदवावयाचे राहिले असल्यास कलम १४ अन्वये ते विहित मुदतीत घालता येते. त्यासाठी जेथे जन्माची नोंद झाली, त्या महानगरपालिकेच्या, नगरपरिषदेच्या वा ग्रामपंचायतीच्या निबंधकाकडे अर्ज करावा.

तेव्हा प्रवासाचा बेत ठरताच पारपत्र, पदवीपत्र आणि जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक अक्षर ताडून पाहावे. मोहोरेची घाई त्यानंतर करावी.