तेलाचा पुरा हिशेब



सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत आपल्याला किती तेल लागते, याचा हिशेब कधी केला आहे काय? फोडणीच्या तेलाविषयी आम्ही विचारत नाही. ते शेतात पिकते. आम्ही विचारतो ते जमिनीच्या पोटातून निघणाऱ्या तेलाविषयी. त्याला खनिज तेल म्हणतात.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमच्या दारात ना मोटार, ना फटफटी. आम्हांला कसलं आलंय तेल?"

जरा थांबा. नांगरणीला भाड्याने आणलेला ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. तुमचा कांदा बाजारात नेणारा टेम्पो डिझेल पितो. दुकानातले मीठ ट्रकमधून येते. शेगडीतला गॅस, रस्त्यावरचे डांबर, प्लॅस्टिकची बादली हीही तेलाच्याच घरातली. युरिया खत ज्या वायूपासून करतात, तो वायू बहुधा तेलाचाच शेजारी असतो. म्हणजे तेल आपल्या घरात आहे, शेतात आहे, ताटातही आहे.

हे तेल झाले कसे? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातले बारीक जीव व शेवाळ मरून तळाशी बसले. त्यांवर गाळाचे थरावर थर चढले. खालच्या उष्णतेने आणि वरच्या दाबाने त्यांचे तेल झाले. ज्वारी पेरली की चार महिन्यांत कणीस हाती येते. तेल पेरता येत नाही. ते पूर्वजांनी पुरून ठेवलेल्या हंड्यासारखे आहे. काढले तेवढे कमी झाले.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात १८५९ साली ड्रेक नावाच्या माणसाने जमिनीला भोक पाडून तेल काढले. आपल्या देशात आसामात दिग्बोई येथे १८८९ साली तेल लागले. मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ साली मोठा साठा सापडला. त्याला 'बॉम्बे हाय' म्हणतात. पण आपली गरज फार मोठी. आज आपल्या देशाला शंभर लिटर तेल लागले, तर त्यातले ऐंशी लिटरांहून अधिक परदेशातून आणावे लागते.

परक्याच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्याची काय गत होते, ते आम्ही लहानपणी पाहिले आहे. १९७३ साली अरब देशांचे इस्राएलशी युद्ध झाले. अरब देशांनी तेल आखडले. थोड्याच महिन्यांत जगात तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो. हातात डबा घेऊन रॉकेलच्या रांगेत उभे राहत होतो. युद्ध कोठे, आणि दिवा कोणाचा विझला! पाहा बरे.

हा झाला पैशाचा हिशेब. पण तो अर्धाच आहे. आमच्या रात्रीच्या वर्गात एका आजीबाईंनी विचारले, "गुरुजी, ज्यांच्या जमिनीतून तेल निघतं, ती माणसं तर श्रीमंत झाली असतील?" प्रश्न मोठा नेमका होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण आफ्रिकेतील नायजेरिया देशात जाऊ. आपला देश तेथूनही तेल विकत घेत आला आहे.

तेथे नायजर नदी समुद्राला मिळते. खाड्या, खारफुटी आणि मासळी यांनी भरलेला तो मुलूख. तेथील ओलोइबिरी या गावाजवळ १९५६ साली तेल लागले. त्या देशातली धंद्याची ती पहिली तेलविहीर. दोन वर्षांत तेल परदेशी जाऊ लागले. पुढे वीसेक वर्षांनी तेथले तेल काढणे बंद पडले. विहिरीच्या तोंडावरचा लोखंडी सांगाडा मागे राहिला. गाव मात्र गरीबच राहिले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

त्याच मुलखात ओगोनी नावाचे लोक राहतात. मासे धरावेत, कंद लावावेत, असा त्यांचा संसार. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो, तोच कंद ते लावतात. त्यांच्या शेतांतून तेलाचे नळ गेले. काही नळ जुने होऊन फुटले, काही चोरांनी फोडले. तेल शेतात आणि खाडीत पसरले.

तेल पाण्यात पडले की काय होते? घरी करून पाहा. थाळीत पाणी घ्या आणि तेलाचा एकच थेंब सोडा. तो पाहता पाहता पसरतो. मग त्यात कोंबडीचे पीस बुडवा. ते चिकटून जाते. आता थाळीच्या जागी खाडी आणि थेंबाच्या जागी हजारो पिपे आहेत असे समजा. मासा जगेल कसा? पाखरू उडेल कसे?

ओगोनी लोकांनी १९९३ साली मोठे मोर्चे काढले. केन सारो-विवा नावाचे लेखक त्यांचे पुढारी होते. तेथील लष्करी सरकारने त्यांना आणि त्यांच्या आठ साथीदारांना १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी दिले. जगभर हळहळ झाली. पण तेल थांबले नाही. २००८ साली बोडो या ओगोनी गावाजवळ नळ दोनदा फुटला आणि तेथली खारफुटी मेली. गावकरी विलायतेच्या कोर्टापर्यंत गेले. शेवटी २०१५ साली कंपनीने साडेपाच कोटी पौंड भरपाई देण्याचे कबूल केले.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी तो मुलूख तपासून २०११ साली अहवाल दिला. एका ठिकाणी लोक ज्या विहिरींचे पाणी पीत होते, त्यांत बेंझिन नावाचे विष निघाले. त्याने कर्करोग होतो. ते ठरलेल्या मर्यादेच्या नऊशे पटींहून अधिक होते. सारी जमीन व पाणी पूर्ववत व्हायला पंचवीस ते तीस वर्षे लागतील, असे तज्ज्ञ म्हणाले. आजीबाईंच्या प्रश्नाला हे उत्तर मिळाले.

हे फक्त दूरच घडते असे मात्र नाही. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल समुद्रात सांडले. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर काळा चिखल आला. मासळीला गिऱ्हाईक मिळेना. टक्कर जहाजांची, आणि चूल विझली कोळ्याची.

आणखी एक खर्च डोळ्यांना दिसत नाही. एक लिटर डिझेल वजनाला एक किलोही भरत नाही. पण ते जळले की अडीच किलोहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघतो. वजन वाढले कसे? तेलातला कार्बन हवेतला प्राणवायू जोडून घेतो, म्हणून. तेल व कोळसा जाळून हा वायू आभाळात साठतो. तो पृथ्वीवर गोधडीसारखा बसतो. आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. गेल्या दीडशे वर्षांत पृथ्वी सरासरी एका अंशाहून अधिक तापली. त्यामुळे पावसाची रीत बिघडत आहे. चार दिवसांत महिन्याचा पाऊस, मग लांब उघडीप. ज्याने आयुष्यात कधी मोटार घेतली नाही, त्याचेही पीक जाते. हिशेबात त्याचे नाव नाही, पण पैसे तोच भरतो.

मग तेल टाकून द्यावे काय? तसे आम्ही म्हणणार नाही. अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी गाडी तेलावरच धावते. ट्रॅक्टरने बैलाच्या मानेवरचा भार उतरवला. तेलाचे उपकार आहेतच. पण हंड्यातले धन जपून काढावे. एवढे आपल्या हाती आहे :

१. गाडी उभी असेल तेव्हा इंजिन बंद करावे. चाकांत हवा पुरी ठेवावी.

२. पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळका असेल तर बदलावा. पाणी गळते तसे डिझेलही वाया जाते.

३. इंजिनातले जळके ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. दूरच्या ओगोनी लोकांची दैना आपणच आपल्या गावात का आणावी?

४. बाजाराला चार घरांनी मिळून एक वाहन करावे. जमेल त्याने उन्हावर चालणाऱ्या सौर पंपाची चौकशी ग्रामपंचायतीत करावी.

एवढ्याने जग बदलणार नाही, हे आम्ही जाणतो. मोठे काम सरकारांचे आणि कंपन्यांचे आहे. पण ज्याला हिशेब वाचता येतो, त्याला जाब विचारता येतो. तुम्ही अक्षर शिकलात ते याचसाठी.

विचार करा :

तुमच्या घरात तेलापासून झालेल्या वस्तू कोणत्या? पाच लिहा.

ओलोइबिरी गावाला तेलाने काय दिले, काय नेले?

तेलाचा जो खर्च पावतीवर छापलेला नसतो, तो कोण भरतो?